परसातला डरम

रविवार, ९ डिसेंबर १९५६. अनसिंग.

डरम आला एकदाचा. वाशीमच्या लोहाराने 'शुक्रवारी देतो' म्हटलं होतं. कोणत्या शुक्रवारी ते मी विचारलं नाही, ही माझीच चूक. तेलाचं रिकामं पिंप, मधोमध आडवं कापलेलं. वरच्या अर्ध्याला बिजागरी आणि मूठ, खालच्याला चार पाय, आत लोखंडी जाळी. जाळीखाली लोणारी कोळसा पेटवायचा, वर मटण ठेवायचं, झाकण लावायचं आणि दुपारभर मंद धुरात शिजू द्यायचं. झाकण नीट बसत नाही. एका बाजूला बोट जाईल एवढी फट आहे. लोहार म्हणतो, ती हवेसाठी ठेवली. मी कागदावर आकृती काढून दिली होती, तिच्यात फट नव्हती.

अडतीस साली मेळघाटच्या बंगल्यावर एका साहेबाच्या खानसाम्याने अशाच डरमात बकऱ्याची मांडी केली होती. उरलेली आम्हां नाकेदारांना मिळाली. हाडावरून मटण आपोआप सुटत होतं. जंगलखात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातलं जेवण म्हणून हे एकच लक्षात आहे.

आता हे खूळ कशाला, असं नानीबाईने कुडापलीकडून विचारलंच. ही आमची शेजारीण, हिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. म्हणाली, "प्रयागा, तुह्या मालकानं इंजन आनलं काय वं? गाडी कुठवर जाते?" प्रयागा पदर तोंडाला लावून हसली. माझ्या बायकोला हसायला नानीबाई लागते, माझ्याशी बोलायला मात्र तोंड दुखतं.

खूळ नव्हे, गरज आहे. रुख्मिणीचं लग्न वैशाखात झालं. दिवाळसणाला जावयाला बोलवायचं तर मी मुदतीच्या तापातून नुकता उठलेला, भिंत धरून चालत होतो. आता १३ जानेवारीच्या रविवारी दोघं येतात. जावई रामराव कामरगावच्या शाळेत मास्तर आहेत. जावई पहिल्यांदा घरी येणार आणि त्याच्यापुढे मटण नाही, तर अनसिंगात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि बायको मटण करायला तयार नाही.

दसऱ्यानंतर मी मटणाचं नाव काढलं, तेव्हा म्हणाली, "मी सोडलं." म्हटलं का? तर "सोडलं." बरं, तू नको खाऊ, आम्हांला रांध. "चाखल्याबिगर मले रांधता येत नाई." झालं. स्वैपाकघरात मटणाचं भांडंही येऊ देत नाही, ते आता गोठ्यात असतं.

कारण मला ठाऊक आहे. आखाडात रेंजरसाहेब जेवायला आले होते, तेव्हा त्यांच्यादेखत मी म्हटलं की रस्सा पाणचट झाला. पाणचट होता म्हणून म्हटलं. त्याचा हा दंश. तीस वर्षांत मी हिला एवढी डूख धरणारी समजलो नव्हतो.

ठीक. मीच करून दाखवीन. पाच रविवार हातात आहेत.

रविवार, १६ डिसेंबर.

पहिला प्रयोग. कोंबडं. दुपारी बाराला ठेवलं, चारला काढलं. बाहेरून बुटासारखं काळं आणि घास तोंडात घातला तर घासलेट. पिंपातलं तेल लोखंडात मुरलेलं होतं ते सगळं कोंबड्यात उतरलं. मांजरालाही टाकून पाहिलं. त्याने हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो.

आता प्रयागा म्हणते, "मी सांगतलं होतं ना, डरम आधी रिकामा जाळाव लागते म्हनून." सांगितलं होतं. पण अशा आवाजात की कोणी ऐकू नये. जोरात सांगायचं होतं.

तिचं एक लिहून ठेवतो. धूर ज्या बाजूला जात होता, नेमकी त्याच बाजूच्या ओट्यावर ही तुरीच्या शेंगा सोलत बसली. म्हटलं, उठ, डोळे चुरचुरतील. उठली नाही. चार तास धुरात बसून राहिली. मला दाखवायला, की पाहा तुमच्या उद्योगाने किती त्रास होतो.

रात्री भाकरी आणि ठेचा खाल्ला.

सोमवार, १७ डिसेंबर.

दिवसभर डरम रिकामा जाळला. नानीबाईने दोनदा येऊन विचारलं, गाडी लेट आहे काय म्हणून.

रविवार, २३ डिसेंबर.

आज मटण. अर्धा शेर, प्रयोगापुरतं. कोळशावर धुरासाठी ओलं लाकूड ठेवतात, हे खानसाम्याचं मला आठवत होतं. कोणतं, ते आठवत नव्हतं. परसात कडुनिंब आहे, त्याची फांदी तोडली.

विष. शुद्ध विष. अर्धा शेर मटण कडूजहर. मी एकट्याने दोन घास गिळले आणि बाकीचं पुरलं. मांजर या वेळी आलंच नाही.

प्रयागा दारात उभी राहून पाहत होती.  मी नळ्या उकिरड्यावर फेकल्या तेव्हा मात्र "आ" असा आवाज काढला, पाय ठेचल्यासारखा. पूर्वी नळ्या तिच्याच असायच्या. माझे दात कमजोर, मला चोखता येत नाही. ती पाट्याच्या कडेवर नळी ठकठक आपटायची आणि आतला मगज जिभेवर घेऊन डोळे मिटायची. रुख्मिणी लहानपणी तिची नक्कल करायची. आता ते सगळं बंद, एका पाणचट रश्शावरून. बायकांचा राग देवालाही कळायचा नाही.

बुधवार, २६ डिसेंबर.

तांड्यावरचा हेमसिंग कोळसा घेऊन आला. नोकरीची शेवटची सहा वर्षं मी वाशीम रेंजला होतो, तेव्हा याला चोरून कोळशाची भट्टी लावताना दोनदा पकडला होता. आता हाच माझा सल्लागार. कडुनिंबाचं ऐकून पोट धरधरून हसला.

"सायेब, तुमी जल्मभर झाड कापू नाई देल्लं. पन जाळून कधी पाह्यलं काय?"

"मग काय जाळू?"

"कोयसा बाभयीचा. धुराले बोरीचं लाकूड, नाई तं आंब्याचं. कडूलिंबाच्या धुरानं मच्छर मरते सायेब, मटन नाई शिजत."

अठ्ठावीस वर्षं मी बुंधे मोजले, हातोड्याने शिक्के मारले, चारशे झाडांची नावं पाठ केली. आणि ज्याला मी चोर म्हणून उभा केला त्याला त्या झाडांची चव माहीत आहे. हे मला लागलं. हेमसिंगला मी तसं म्हटलं नाही, चहा मात्र दिला.

रविवार, ३० डिसेंबर.

बाभळीचा कोळसा, बोरीचं लाकूड, पुन्हा अर्धा शेर. वास सुरेख सुटला. पण चार तासांनी मटण बाहेरून तांबूस, आत कच्चं. सुरी लावली तर लाल पाणी.

प्रयागाने ओट्यावरून, धुराच्याच बाजूने, तीनदा सांगितलं, "झाकन उघडू नका." मी दर पाव तासाला उघडून पाहत होतो. जबाबदार माणूस देखरेख करतोच. चौथ्यांदा तिचा आवाज चढला.

"भाताचं झाकन कोनी घडीघडी उघडते काय? आतली वाफ गेली तं शिजन कसं?"

मी म्हटलं, "एवढं कळतं तर ये ना इकडे, कर ना!"

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर देव्हाऱ्यापुढे नुसती बसलेली. बालाजीच्या तसबिरीकडे बघत. मला वाटलं, रडते की काय. मग वाटलं, धुराने असेल.

रागावून मीही जेवलो नाही. कच्चंच होतं म्हणा.

मंगळवार, १ जानेवारी १९५७.

नवी डायरी. खात्याने डायरीची सवय लावली ती निवृत्तीतही सुटत नाही. जुनी पेटीत ठेवताना चाळली. सप्टेंबरची पानं कोरी आहेत, मी तापाने फणफणलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताप भरला तो एकवीस दिवस. बरा झाल्यावर आठवून आठवून जे लिहिलं त्यात एक नोंद अशी आहे: 'आजाराचा अठरावा दिवस. डॉक्टर येऊन गेले. मी पाणी मागितलं तर सासरहून आलेल्या रुख्मिणीने दिलं. ही घरात नाही. नानीबाईबरोबर वाशीमला गेली, बाजाराला म्हणे! नवरा अंथरुणाला खिळलेला आणि हिला बाजार सुचतो. संध्याकाळी आली ती रिकाम्या हाताने. नारळाचा एक तुकडा आणि कागदाच्या पुडीत कुंकू, एवढाच बाजार.'

वाचून पुन्हा चीड आली. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हिचं मन माझ्यावरून उडालं. एक रश्शाचा शब्द, आणि तीस वर्षांचा संसार आटपला. जेवायला वाढते, अंथरूण घालते, पण पूर्वी ताटाशी बसून विचारायची, कसं झालं? आता विचारत नाही. मी सांगितलंही नसतं म्हणा, मीठच सांगितलं असतं.

रविवार, ६ जानेवारी.

जमलं!

मांडी, सव्वा शेर. दही, लसूण, तिखट लावून काल रात्रीपासून ठेवली होती. बाराला ठेवली. झाकण एकदाही उघडायचं नाही असं ठरवलं आणि मोह नको म्हणून सरळ चावडीवर जाऊन बसलो. साडेचारला आलो. झाकण उचललं तर रंग गुळाच्या काकवीसारखा. काट्याने ढकललं आणि हाड मोकळं झालं, बंगल्यावरच्या त्या मांडीसारखं. डोळ्यांत पाणी आलं. या वेळी धूर नव्हता, खरंच आलं.

शिस्तीचा विजय आहे हा. एक गोष्ट मात्र कळली नाही. झाकणाची ती फट ओल्या मातीने लिंपलेली दिसली. माती वाळून कडक झालेली आणि तिच्यावर चार बोटांचे ठसे, लहानसे. लोहाराने आधीच लावली असावी, माझ्या लक्षात आली नसेल. काही असो, काम चोख झालं.

मी एकटाच जेवलो. नानीबाईकडे वाटी पाठवली, ती म्हणाली, इंजन टेशनात पोचलं. प्रयागाला नुसतं म्हटलं, बघ तरी. लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "चांगला रंग आला." आणि भिंतीकडे तोंड करून भाकरी खाल्ली, ठेच्याशी.

खाटकाला सांगून आलो: पुढच्या रविवारी अडीच शेर, मागची मांडी, पहाटेच.

शनिवार, १२ जानेवारी.

आज जे झालं ते क्रमाने लिहितो. 

रुख्मिणी आणि रामराव एक दिवस आधीच, दुपारच्या मोटरीने आले. जावई शांत, थोडा लाजरा. मी त्याला परसात नेऊन डरम दाखवला, सगळं समजावलं, बाभूळ काय, बोर काय. म्हटलं, उद्या पाहा. रामराव काही तरी बोलायला गेला आणि थांबला. रुख्मिणीने आईकडे पाहिलं.

प्रयागा म्हणाली, "उद्या तं भोगी आहे."

भोगी! संक्रांतीच्या आदला दिवस. भोगीला कोणाच्या घरात मटण शिजतं? पोर पोर जाणतं. मी इंग्रजी कॅलेंडरवर रविवार पाहिला आणि पंचांग उघडलंच नाही. संक्रांतीलाही नाही. आणि मंगळवारी रामरावची शाळा, म्हणजे सोमवारी दुपारी जाणार. पाच रविवारांची मेहनत मातीत.

चूक माझी होती. म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

जावयादेखत म्हटलं, "महिनाभर तोंड शिवलं होतं का तुझं? तुला ठाऊक होतं! तुला सोडायचं होतं ते सोडलंस, आता माझ्या जावयाच्या ताटातलंही काढतेस. एका शब्दावरून एवढा सूड!"

प्रयागा एवढंच म्हणाली, "मले वाटलं, तुमाले माहीत आहे. तुमी चावडीवर पंचांग आयकता रोज." आणि आत गेली.

नानीबाई तीळ निवडायला आली होती. सूप ठेवून उभी राहिली. एवढी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"शालिकभाऊ, आता लय झालं. सूड म्हनता? तुमच्या तापात डाक्टरनं हात टेकले होते त्या दिवशी. रातभर पाह्यजा म्हने, अन कोनाले बोलवाचं तं बोलवा. हे प्रयागा पायात चप्पल न घालता निंघाली. मी मांगं पयत गेली, मोटर धरली. वाशीमच्या बालाजीच्या पायरीवर बसली. म्हने, देवा, माह्याजोळ सोनं नाई. मले दुनियेत एकच गोष्ट आवडते खाची. ते तुले देल्ली जल्मभर. त्यायले ठेव."

 रुख्मिणी रडत होती. तिलाही ठाऊक होतं. रामरावलाही ठाऊक असावं. सगळ्या अनसिंगात ठाऊक नसलेला एक मीच.

मी खोलीत येऊन जुनी डायरी काढली. 'नारळाचा एक तुकडा आणि कागदाच्या पुडीत कुंकू, एवढाच बाजार.' पान फाडायला हात लावला. नाकेदाराने डायरीचं पान फाडू नये असा नियम आहे. फाडलं नाही. राहू दे तिथे, मला वाचायला.

मग स्वैपाकघराच्या दाराशी गेलो. ती वांगी निवडत होती, उद्याच्या भाजीसाठी. म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

मान वर न करता म्हणाली, "ज्याच्यासाठी केला त्यालेच सांगतला का नवस फुटते. अन तुमी तं डायरीत लिहून ठेवलं असतं."

रविवार, १३ जानेवारी. भोगी.

पहाटे खाटकाकडे जाऊन क्षमा मागितली. तो हसला, म्हणाला, मीही सोचत होतो, भोगीला अडीच शेर कोण खाते.

घरी आलो तर प्रयागा चुलीशी वांगी भाजायला बसत होती. टोपली तिच्या हातून घेतली.  डरम घासूनपुसून राखेने लख्ख केला. जाळी लालबुंद करून जाळली, मटणाचा अंशही राहू नये. बाभळीचा कोळसा, बोरीचं लाकूड, आणि जाळीवर मोठमोठी वांगी, हिरव्या मिरच्या, लसणाचे गड्डे. झाकण लावलं. फट तशीच होती, जुनी माती गळून पडलेली.

मी म्हटलं, "माती लाव."

प्रयागाने माझ्याकडे पाहिलं. मग वाटीत माती कालवून आली आणि चार बोटांनी फट लिंपली. रामराव पाहत होता म्हणून मी दुसरीकडे तोंड केलं.

एवढी चांगली वांगी मी आयुष्यात पाहिली नाहीत. साल काढताना बोटांत विरघळत होती. पातीचा कांदा, जवसाचं तेल आणि तो धूर. रामराव चार भाकरी खाऊन म्हणाला, "मामा, असं भरीत कामरगावात नाई भेटत." आणि प्रयागा ओट्यावर, धुराच्याच बाजूला, ताट घेऊन बसली होती. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. नळी चोखताना मिटायची तसे. रुख्मिणीने मला कोपराने ढोसलं. मी पाहत होतोच.

सोमवार, १४ जानेवारी. संक्रांत.

सकाळच्या मोटरीने सगळे वाशीमला. बालाजीचं दर्शन घेतलं, मग मुलांना कामरगावकडच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना प्रयागा रडली, मी खिडकीशी उभा राहून रामरावला कोळशाबद्दल सांगत राहिलो.

मंदिराच्या पायरीवर मी जरा मागे थांबलो. मीही एक गोष्ट सोडली, जन्मभरासाठी. मटण नव्हे. मटण सोडलं तर तिच्या नवसाची नक्कल होते आणि देवाला नक्कल कळते. माझ्या आवडीची म्हणावी तर याहून मोठी गोष्ट माझ्याकडे नाही, तीस वर्षं रोज दोन वेळा केली आहे. काय ते इथे लिहीत नाही. प्रयागाने विचारलं, एवढा वेळ काय करत होतात? म्हटलं, चप्पल सापडत नव्हती.

गुरुवार, १७ जानेवारी.

हेमसिंगने बोरीचं लाकूड आणून टाकलं. येत्या रविवारी डरमात रताळी लावायची आहेत.

आज वरणात मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. भाजीत मात्र दोन्हींचं होतं. दोन वाट्या वरण प्यायलो, भाजी पुन्हा मागून घेतली. प्रयागा ताटाशी येऊन बसली आणि किती महिन्यांनी विचारलं, "कसं झालं?"

म्हटलं, "झकास."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुसला आणि माझ्या कपाळाला लावला, पुन्हा ताप तर नाही ना भरला म्हणून.